तुळस घरात कधी आणि कशी घ्यायची? (टोरांटो)

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही टोरांटोत राहतो, बाल्कनीत मे महिन्यात लावलेली तुळस उन्हाळाभर इतकी छान वाढली की आता माझ्या कमरेला लागतेय, मंजिऱ्यांनी नुसती भरलीये. पण सप्टेंबर संपत आला, जूनमध्ये रात्री 9 पर्यंत उजेड असायचा तो आता 7 लाच मावळतो, इडलीचं पीठ रात्रभरात फुगत नाही म्हणून ओव्हनचा लाइट लावून आत ठेवायला लागलं, आणि परवा रात्री तापमान 8 वर गेलं तर सकाळी तुळशीच्या शेंड्याची चार पानं काळी पडलेली. फार वाईट वाटलं हो.

गेल्या वर्षी उशिरा आत घेतली होती, तर हीटिंग सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत सगळी पानं गळाली, नुसत्या काड्या. तुळशीच्या लग्नाला शेवटी काडीलाच हळदकुंकू वाहिलं. यंदा तसं व्हायला नको, सासूबाई पहिल्यांदाच इकडे येतायत कार्तिकात.

तर आत्ताच आत घेऊ का दिवसा बाहेर, रात्री आत असं करू? मंजिऱ्या सगळ्या खुडायच्या का? पानांच्या मागे बारीक पांढरी माशी आहे, त्यावर कडुनिंबाचं तेल चालेल का, कारण पानं आम्ही चहात घालतो. आमची खिडकी उत्तरेकडे आहे, ऊन येतच नाही, मग ग्रो लाइट घ्यावाच लागेल ना, आणि किती तास लावायचा? थंडीत तुळस जगवलेल्यांनी प्लीज सांगा.