मुलीला शिक्षण खात्यात धोरणाचं काम करायचंय, कुणाला माहिती आहे का?

बी-२०३: नमस्कार मंडळी 🙏 मोठी यंदा बीए झाली, अर्थशास्त्र घेऊन. सरकारी शिक्षण धोरणात काम करायचंय म्हणते, आता ह्यासाठी नेमका अर्ज कुठे करायचा हेच आम्हाला कळेना. बीएड करायला लावू का? कुणाला माहिती असेल तर सांगा प्लीज

ए-५०१: एमपीएससी. राज्यसेवेतून उपशिक्षणाधिकारी होता येतं, गट ब. पण २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीये, पानंच्या पानं लिहायचा सराव लागतो. माझ्या भाच्याची तीन वर्षं त्यात गेली, तेव्हा सोबत दुसरं काहीतरी हातात असू द्या

सी-१०४: मुख्यमंत्री फेलोशिप पण बघा ना वहिनी. पदवीला ६०% आणि वर्षभराचा अनुभव मागतात, वय २१ ते २६. शिक्षण खातंच मिळेल असं मात्र नाही

डी-३०२: मी केंद्रप्रमुख म्हणून रिटायर झाले, दहा-बारा शाळा होत्या माझ्याकडे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शिक्षक व्हायचं नसेल तर बीएडची घाई नको. तिला आधी दोन वर्षं शाळेत जाऊ दे. टीच फॉर इंडिया आहे, गांधी फेलोशिप आहे, दोन्ही दोन-दोन वर्षांच्या, मग टिस (मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट) किंवा अझीम प्रेमजी विद्यापीठातून एमए एज्युकेशन. मी हे का म्हणते सांगते. जीआर म्हणजे शासन निर्णय मंत्रालयात निघतो पण त्यातल्या एका ओळीने शाळेत काय होतं ते तिथे बसून दिसत नाही. संचमान्यता म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात, त्यात आधार व्हॅलिड असलेलीच मुलं धरायची असं आलं. माझ्या एका वस्तीवरच्या शाळेत ऊसतोडीवाल्यांची मुलं होती, एका मुलीच्या नावात जनरल रजिस्टर आणि आधारमध्ये एका वेलांटीचा फरक आणि जन्मतारीख १ जानेवारी टाकलेली. पोरगी रोज पहिल्या रांगेत बसून पाढे म्हणते आणि पोर्टलवर मिसमॅच! आई-बाप कारखान्यावर, आधार दुरुस्तीला नेणार कोण? अशी चार-पाच मुलं मोजणीत आली नाहीत आणि शाळेचं एक पद गेलं. गुरुजींना घेऊन तालुक्याला तीन चकरा मारल्या मी, उपयोग झाला नाही. ती ओळ लिहिणाऱ्याने महिनाभर त्या शाळेत काढला असता तर निदान "दुरुस्ती होईपर्यंत मूल पटावर धरावे" एवढं तरी लिहिलं असतं. अजून वाईट वाटतं

सी-१०४: बापरे. हे माहितीच नव्हतं

डी-३०२: आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं तर आपल्याच गेटवर बघितलं आपण. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलला, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला गरीब मुलांसाठीच्या २५% जागांतून सूट. जुलैमध्ये हायकोर्टाने तो रद्द केला, पण तोवर जून उलटून गेला होता. आपल्या वॉचमनचा धाकटा तेव्हा घरीच बसून होता, रोज विचारायचा मला, आजी माझी शाळा कधी

ए-५०१: हो आठवतंय, मीच फॉर्म भरून दिला होता त्याचा

बी-२०३: ताई खूप खूप आभार, एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. पण दोन वर्षं शाळेत काढली आणि मग सरकारी नोकरीचं वय निघून गेलं तर? ह्यांना तीच काळजी आहे

डी-३०२: २१ वर्षांची आहे ना, भरपूर वेळ आहे. राज्यसेवा नंतरही देता येते. समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेतही जागा निघतात पण त्या कंत्राटी, वर्षानुवर्षं कंत्राटीच राहिलेली माणसं मी पाहिलीत, ते डोळे उघडे ठेवून करावं. आणि जीआर वाचायची सवय आत्तापासून लावा तिला, शासनाच्या साईटवर सगळे मराठीत असतात, रोज एक वाचायचा आणि ह्याने शाळेत सोमवारी सकाळी काय बदलेल ते वहीत लिहायचं. रविवारी पाठवा तिला माझ्याकडे, संचमान्यतेची फाईल अजून ठेवलीये मी

बी-२०३: काकू मी आईच्या फोनवरून लिहितेय, रविवारी नक्की येते. ती वस्तीवरची शाळा अजून चालू आहे का? मला बघायला जायचंय

डी-३०२: चालू आहे गं. गुरुजींना फोन करते आजच, पण एसटी सकाळी ७ ची एकच आहे, ती धरावी लागेल