एकच फोन, घरात पाच माणसं : तुमचे अनुभव सांगा

झुळूक
कपाट आवरताना जुनी नोंदवही सापडली. आमच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत एका ऑफिसने काढून टाकलेले कॉम्प्युटर मांडून आम्ही काही जण संध्याकाळी वस्तीतल्या लोकांसाठी खोली उघडी ठेवायचो, त्याची वही. नाव, आले कधी, गेले कधी आणि शेवटचा रकाना 'काम'. तो रकाना वाचत बसले आणि आवरणं राहिलंच. 'नोकरीचा अर्ज', 'निकाल', 'बिल भरणे', 'मुलाशी बोलणे', एका काकांनी दर वेळी नुसतं 'बघणे' लिहिलंय. ते खरंच मागे उभं राहून बघायचे, मग एकदा म्हणाले नकाशावर माझं गाव दाखव, आणि त्यानंतर खुर्ची सोडेनात. लोक माउस चटकन शिकायचे, अडायचं भलत्याच ठिकाणी. अर्ज भरून व्हायचा आणि शेवटी फोटो ५० केबीच्या आत पाहिजे! फोटो लहान कसा करायचा हा आमचा सगळ्यात जास्त चाललेला वर्ग.
तुम्ही असं काही केलंय का, किंवा स्वतः अशा खोलीत शिकलात का? लिहा जमेल तसं.

खटपट्या
५० केबी!! आणि सही २० केबी. जखमेवर मीठ चोळलंत. त्यात साइट बनवणारा मोठ्या स्क्रीनवर बघून बनवतो, साध्या फोनवर 'पुढे'चं बटण कीबोर्डखाली लपतं. माणूस एका बोटाने टाइप करतोय तोवर 'आपले सत्र संपले आहे'. पुन्हा पहिल्यापासून. मी तर सगळी उत्तरं आधी कागदावर लिहून घ्यायचो, मगच साइट उघडायची.

मीच ती
मशीन लावलंय तेवढ्यात लिहिते. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आमच्या गटातल्या बऱ्याच घरांत एकच फोन, तोही बाबांचा, ते सकाळी कामावर घेऊन जाणार. म्हणजे पोरांची शाळा बाबा घरी आल्यावर. त्यातही मोठीला सगळ्यात शेवटी मिळणार कारण धाकट्याला झोप येते. आम्ही व्हिडिओ पाठवणं बंद केलं, तासाभराचा व्हिडिओ सहज अर्धा-एक जीबी खातो, त्याऐवजी पुस्तकाच्या पानाचा फोटो आणि आवाजात समजावून सांगितलेलं. थोड्याशा एमबीत काम. काहींना ते मागासलेलं वाटलं, वाटू दे.

रातराणी
आमच्या शेजारच्या मावशींना ओटीपी कोणालाही सांगायचा नाही हे इतकं घोटून घेतलं की त्यांचाच फॉर्म भरताना त्या मला सांगेनात. "तूच म्हणालीस ना, कोणालाही नाही." फॉर्म राहिला त्या दिवशी 😄

खटपट्या
@रातराणी मावशींना माझ्याकडून पैकीच्या पैकी.

पायरीवरची
मी वहीतल्या नावांपैकी. तुमच्या वहीतली नाही, दुसरीकडची. वाचनालय बंद झालं तरी वायफाय चालू ठेवायचे ते लोक, मुद्दाम, आणि मी बाहेरच्या पायरीवर बसून अभ्यास डाउनलोड करून घ्यायचे. वर्गात विचारायचे ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी हात वर करा. कोण करणार हात वर? मी नाही केला. मग यादीत नाव नाही, म्हणजे मदत पण नाही. असली यादी करायची असेल तर प्लीज चिठ्ठीवर करा.
आणि एक कोणी बोलत नाही ते. रिचार्ज संपला आणि बरेच दिवस करता आला नाही तर नंबर बंद होतो, पुढे तो दुसऱ्या कोणालातरी दिला जातो. आता ईमेल, बँक, सगळ्याचे ओटीपी त्याच नंबरवर. आईच्या बाबतीत झालं. फोन हातात आहे, इंटरनेट आहे, पण स्वतःच्याच खात्यात शिरता येत नाही. फोन वाटला, संपलं काम, असं समजणाऱ्यांना हे दिसतच नाही.

झुळूक
@पायरीवरची हात वर करायचं वाचून कसंतरी झालं. आणि नंबरचं, आमच्याकडे पण यायचे असे लोक, तेव्हा आम्ही 'पासवर्ड विसरले' असं लिहून मोकळे व्हायचो.

आकडेमोड
थोडे आकडे टाकतो, कंटाळा आला तर पुढे जा. आयटीयू म्हणजे संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था, तिच्या २०२३ च्या अंदाजात जगातली साधारण २६० कोटी माणसं ऑनलाइन नव्हती. पण मोबाइल ब्रॉडबँडचा सिग्नल तोवर सुमारे ९५ टक्के लोकसंख्येपर्यंत पोचला होता. म्हणजे बहुतेकांच्या डोक्यावर टॉवर आहे, अडतंय ते पैसे, हँडसेट, भाषा आणि शिकवणारं कोणी नसणं यात. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने २०१८ मध्ये लक्ष्य ठेवलं होतं की २०२५ पर्यंत साधं डेटा पॅक माणशी मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत यावं. ऐकायला छान. पण ते देशाच्या सरासरी उत्पन्नाच्या २ टक्के, ज्याची कमाई सरासरीच्या चौथा हिस्सा त्याला तेच पॅक ८ टक्के पडतं. सरासरीत गरीब माणूस दिसत नाही हो.

दूरदेशी
अमेरिकेत गरीब घरांना इंटरनेटच्या बिलात दर महिन्याला सूट देणारी योजना होती, २ कोटी ३० लाखांच्या वर घरं त्यात होती. २०२४ मध्ये निधी संपला, योजना बंद. माझ्या ओळखीच्या एक आजी नातवंडांशी व्हिडिओवर बोलायच्या, त्यांनी कनेक्शन काढून टाकलं. सवय लावायची आणि मग काढून घ्यायचं, याच्यापेक्षा छोटं पण कायम चालणारं काहीतरी बरं असं मला वाटतं.

अर्धवट
विषयांतर होतंय पण विचारतो, माझा लॅपटॉप विंडोज १० वाला, ४ जीबी रॅम. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचा सपोर्ट संपला, ११ चढत नाही. कोणाला द्यावा का भंगारात?

खटपट्या
@अर्धवट भंगारात नको! जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (वेगवान डिस्क) टाका, विंडोजच्या जागी हलकं लिनक्स (फुकट मिळणारी सिस्टिम) टाका, ब्राउझर आणि टायपिंगला मस्त चालेल. देण्याआधी तुमचा डेटा नीट पुसा, नुसतं डिलीट नाही. आणि चार्जर द्या!!! लोक लॅपटॉप देतात, चार्जर ठेवून घेतात, का ते देवालाच माहीत.

मीच ती
लिनक्स देणार असाल तर सोबत एक माणूस पण द्या 😀 अडल्यावर फोन कोणाला करायचा?

खटपट्या
मला करतात. रात्री अकराला पण करतात.

बसकण
आमच्या गटात नियम होता, शिकवणाऱ्याने हात मागे बांधून बसायचं. माउस हिसकावायचा नाही, कितीही चुळबुळ झाली तरी. तरुण पोरांना हे भयंकर जड जातं, "आण इकडे मी करतो" तोंडात असतंच. आणि वेळ. आधी वर्ग संध्याकाळी होता, बायका येईनात, सगळे म्हणे त्यांना रसच नाही. दुपारचा केला, मुलांना सोबत आणलं तरी चालेल म्हटलं, तर खुर्च्या कमी पडल्या. एक ताई तर बाळाला मांडीवर घेऊन टाइप करायला शिकल्या, बाळाने पण बरंच टाइप केलं.

रातराणी
बाळाचं प्रमाणपत्र दिलंत ना?

पायरीवरची
@बसकण हात मागे बांधण्याचं फार आवडलं. मला ज्यांनी शिकवलं ते शेजारी बसून पेपर वाचायचे, अडलं की बघायचे फक्त. खूप राग यायचा तेव्हा.

अर्धवट
चार्जर सापडला. पण कीबोर्डचं एक बटण निघालंय, चालेल का?

खटपट्या
कुठलं?

अर्धवट
स्पेसबार.

खटपट्या
मग बाहेरून लावायचा कीबोर्ड पण द्या सोबत. वायरवाला, ब्लूटूथवाला नको, सेल कोण बदलत बसणार.