अडीच महिन्यांच्या बाळासाठी वरचे दूध: डबा, बाटली आणि पाणी यांबाबत मार्गदर्शन हवे

खाडीपलीकडची (गुहागर तालुका)

नमस्कार. माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे. मागच्या दोन्ही तपासण्यांत तिचे वजन अपेक्षेइतके वाढलेले दिसले नाही, म्हणून चिपळूणच्या बालरोगतज्ज्ञांनी अंगावरचे दूध पूर्ववत चालू ठेवून शिवाय दिवसातून तीन वेळा ६० मिली वरचे दूध द्यायला सांगितले आहे. चिठ्ठीवर ‘पहिल्या टप्प्याचा फॉर्म्युला’ (म्हणजे तान्ह्या बाळाचे पावडरचे दूध) एवढेच लिहिलेले आहे, डब्याचे नाव नाही. आमच्या गावातल्या मेडिकलमध्ये पहिल्या टप्प्याचा डबा शिल्लक नव्हता. दुसऱ्या टप्प्याचा न्या आणि थोडे पातळ करून द्या, असे दुकानदार म्हणाले, परंतु मी तो घेतला नाही. सासूबाईंच्या मते गाईच्या दुधात पाणी घालून दिले तरी भागते; घरची मुले त्यावरच वाढली, असे त्या म्हणतात. दीर कुवेतला असतात आणि पुढच्या महिन्यात येताना तिकडचे चार-पाच डबे आणतो म्हणतात.

घर खाडीच्या काठी आहे. विहिरीचे पाणी मे महिन्यात मचूळ लागते आणि पावसाळ्यात गढूळ होते. नळाचे पाणी एक दिवसाआड येते. वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे विजेवर चालणारे निर्जंतुकीकरणाचे यंत्र घ्यावे का, हाही प्रश्न आहे. डबा कोणता, बाटली कोणती आणि नेमके काय काय विकत आणावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

औषधवाला

ताई, दुसऱ्या टप्प्याचा डबा नाकारलात हे योग्यच केलेत. तो सहा महिन्यांनंतरच्या, वरचे खाणे सुरू झालेल्या बाळांसाठी असतो आणि पातळ केल्याने तो पहिल्या टप्प्याचा होत नाही. बाळाला फक्त उष्मांक कमी मिळतात. जिच्या वजनाची काळजी आहे तिच्या बाबतीत तर हे उलटच होईल. गाईच्या दुधालाही हेच लागू आहे. त्यातील प्रथिने आणि क्षार लहान मूत्रपिंडांना जड जातात, लोह अगदी कमी असते, आणि पाणी घातले की उरलेसुरले पोषणही घटते. एक वर्षापर्यंत ते मुख्य दूध म्हणून देऊ नये. घरची मुले त्यावर वाढली हे सासूबाईंचे म्हणणे खोटे नाही, पण तेव्हा मेडिकलमध्ये जाऊन डबा आणणे प्रत्येक घराला शक्य नव्हते, हेही त्यांना आदराने सांगता येईल.

आता डबा कोणता. माझे दुकान आहे, तरीही मी नाव सांगणार नाही, कारण निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळासाठी पहिल्या टप्प्याच्या साध्या डब्यांमध्ये निवड करावी इतका फरक नसतो. घटकांची मूळ चौकट नियमांनीच ठरवून दिलेली आहे. महाग डब्यावरील जादा घटकांच्या नावांमुळे वजन अधिक वाढेल असे समजू नका. १९९२ च्या कायद्याने, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अन्नालाही लागू करून, अशा दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करणे, मोफत नमुने वाटणे आणि डब्यावर आईचे किंवा बाळाचे चित्र छापणे बंद केलेले आहे. त्यामुळे एखादा दुकानदार ‘यावर भेट आहे’ म्हणू लागला तर दुसरीकडे जावे. सोया, लॅक्टोजविरहित किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा डबा डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नका.

तुमच्या तालुक्यात बारमाही मिळतो तो डबा घ्या, हीच माझ्या दृष्टीने खरी कसोटी आहे. कुवेतहून आलेला डबा वाईट असतो असे नाही, पण तो संपला की इकडे तोच मिळेल याची खात्री नाही. शिवाय मापाचा चमचा डब्यागणिक बदलतो. आपल्याकडे बहुधा एक सपाट चमचा ३० मिली पाण्याला असतो, तर अमेरिकेतील काही डब्यांत एक चमचा ६० मिलीला असतो. एका डब्याचा चमचा दुसऱ्यात टाकला की दूध दुप्पट घट्ट किंवा निम्मे पातळ झालेच म्हणून समजा.

४०० ग्रॅमचाच डबा घ्या. ६० मिलीला दोन चमचे म्हणजे सुमारे नऊ ग्रॅम, दिवसाला सत्तावीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तो पंधरवड्यात संपतो. आपल्या दमट हवेत उघडलेला मोठा डबा महिनाभर रेंगाळला तर पावडरीचे गोळे होऊ लागतात. डबा फ्रिजमध्ये ठेवू नये आणि ओला चमचा आत जाऊ देऊ नये. रिफिलचा पुडा घेतलात तर त्यावरील मुदतीची तारीख कापून डब्याला चिकटवा. रिकाम्या डब्यावर जुनीच तारीख राहते, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

निवृत्त परिचारिका

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. फक्त खरेदीच्या यादीबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. दिवसातून तीनच वेळा ६० मिली द्यायचे असेल तर बाटलीची गरज आहे का, याचा आधी विचार करावा. स्टीलची लहान वाटी आणि बिनधारेचा छोटा चमचा यांना कानाकोपरा नसतो, ती कोणत्याही पातेल्यात उकळता येतात, आणि बाळाला बाटलीची सवय लागून अंगावर ओढण्याचा कंटाळा येण्याची शक्यता कमी होते. बाळाला मांडीवर जवळजवळ उभे धरावे, चमचा खालच्या ओठाला टेकवावा आणि तिने स्वतः चाटून घेईपर्यंत थांबावे; दूध तोंडात ओतू नये. घरात आजीचे चांदीचे बोंडले असेल तर ते कपाटातच शोभते, कारण त्याच्या चोचीच्या आतून ब्रश फिरत नाही.

बाटली घ्यायचीच असेल तर रुंद तोंडाची, काचेची किंवा पॉलिप्रॉपिलीनची घ्यावी. प्लॅस्टिकच्या बाटलीवर आयएसआय चिन्ह आणि त्यासोबत आयएस १४६२५ हा क्रमांक असतो, तो पाहून घ्यावा. दोन बाटल्या, संथ प्रवाहाची तीन निपले आणि एक लांब ब्रश एवढ्यावर काम भागते. निपल दोन्ही बाजूंनी ओढून पाहावे. चिकट लागले किंवा भेग दिसली तर टाकून द्यावे. बाळ हळू पिते म्हणून सुईने भोक मोठे करण्याची पद्धत गावोगावी आहे; त्यामुळे ठसका लागतो, म्हणून ते मुळीच करू नये.

यंत्र घेऊ नका. साबणाने धुतलेल्या वस्तू पूर्ण बुडतील एवढ्या पाण्यात दहा मिनिटे उकळल्या की पुरे, आणि त्याला वीज लागत नाही.

महत्त्वाचे आहे ते पाण्याचे तापमान. पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित असे जंतू असतात जे तान्ह्या बाळाला गंभीर आजारी पाडू शकतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना उकळलेले पाणी अर्ध्या तासाहून अधिक निवू न देता, म्हणजे ते किमान ७० अंश असतानाच, त्यात पावडर मिसळायला सांगते. अनेक डब्यांवर मात्र कोमट पाणी वापरा असे छापलेले असते, विशेषतः ज्यात उपयुक्त जिवाणू घातलेले असतात, कारण ते गरम पाण्यात मरतात. तुमची मुलगी लहान आहे आणि वजनही कमी आहे, तेव्हा डॉक्टरांना हा एक प्रश्न स्पष्ट विचारून घ्या. मी स्वतः गरम पाण्याच्या बाजूची आहे. आधी पाणी मोजावे, मग पावडर घालावी, चमचा सुरीच्या पाठीने सपाट करावा, दाबून भरू नये. नंतर भांडे गार पाण्यात धरून निववावे आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहावे.

खाडीपलीकडची

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वाटी-चमच्यानेच सुरुवात करते. दोन शंका उरल्या आहेत. मचूळ पाणी जास्त वेळ उकळले तर चालेल का? आणि रात्रीच्या वेळेसाठी संध्याकाळीच दूध करून ठेवता येईल का?

चिपळूणचा बाबा

पहिल्या शंकेचे उत्तर नाही असे आहे. उकळल्याने जंतू मरतात, मीठ जात नाही. उलट पाणी आटते तसे ते अधिक खारट होते आणि तान्ह्या बाळाला जादा सोडियम झेपत नाही. मे महिन्यात विहिरीचे पाणी बाळासाठी वापरूच नका. नळाचे पाणी झाकणाच्या भांड्यात वेगळे भरून ठेवा, पावसात गढूळ आले तर निवळू द्या, दुपदरी स्वच्छ फडक्याने गाळा आणि मगच उकळा. पाण्याचा नमुना ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकांमार्फत तपासून घेता येतो. बाटलीबंद पाणी वापरायची वेळ आली तर तेही उकळावे लागते, आणि त्यात सोडियम लिटरला २०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे.

पावसाळ्यापूर्वी एक न उघडलेला डबा, पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन आणि भरलेला जादा सिलिंडर घरात ठेवा. निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या चिपळूणच्या बाजारपेठेतील दुकानेच पाण्याखाली गेली. त्या आठवड्यात तान्हे बाळ असलेल्या घरांना डबा शोधत फिरावे लागले. डबा जमिनीलगतच्या कपाटात न ठेवता वरच्या फळीवर ठेवावा.

निवृत्त परिचारिका

रात्रीचे दूध आधी करून ठेवू नका. तयार दूध फ्रिजमध्ये चोवीस तास टिकते खरे, पण वीज गेलेला फ्रिज म्हणजे साधे कपाट. बाहेर ते दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि बाळाने तोंड लावलेले उरले तर तासाभरात टाकून द्यावे. त्यापेक्षा झोपण्यापूर्वी उकळते पाणी स्वच्छ थर्मासमध्ये भरून ठेवा आणि उकळलेली वाटी झाकून ठेवा. मध्यरात्री दोन मिनिटांत ताजे दूध होते. शक्य असल्यास वरच्या दुधाच्या तिन्ही वेळा दिवसाच ठेवाव्यात आणि रात्री फक्त अंगावर घ्यावे, कारण रात्रीच्या पाजण्याने दूध वाढायला मदत होते. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी होते का याची नोंद ठेवा, आणि आठवड्याने आशाताईंकडून किंवा आरोग्य केंद्रात त्याच काट्यावर वजन करून घ्या. या वयात दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. तेवढी होऊ लागली तर वरचे दूध कमी कधी करायचे, हे डॉक्टरांना विचारा.