खडकाळ किनाऱ्यावरून स्ट्राइप्ड बास गरवण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्टला ब्रेंटन पॉइंटच्या कातळांवरून मी स्ट्राइप्ड बास (अंगावर पट्टे असलेला समुद्री मासा) गरवतो. शरद ऋतूत हे मासे थव्याने दक्षिणेकडे निघतात आणि लाटा फुटून फेसाळलेल्या पाण्यात भक्ष्य शोधत अगदी खडकांपर्यंत येतात, त्यामुळे मासा गळाला लागण्याची अडचण नाही; अडचण पुढे सुरू होते.

मासा लागताच खडकांच्या फटींकडे धाव घेतो आणि बार्नकलच्या (खडकांना चिकटून राहणाऱ्या कवचधारी जीवांच्या) धारदार कवचांवर घासून चाळीस पौंड ताण सोसणारा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे गळाजवळचा मजबूत दोरा, तुटतो. लीडर जाड घ्यावा, की त्याची लांबी वाढवून गळाची काठी उंच धरावी? जाड लीडरने फेक कमी पडते, म्हणून अनुभवी मंडळींचे मत मला मोलाचे वाटेल.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. येथे माणशी दिवसाला एकच, तोही २८ ते ३१ इंचांचा मासा ठेवता येतो, म्हणजे बहुतेक मासे, विशेषतः मोठ्या अंडीधारक माद्या, जिवंत सोडाव्याच लागतात. मासा कोरड्या कातळावर ओढल्यास त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. येणाऱ्या लाटेबरोबर त्याला खालच्या, ओल्या खडकावर आणावे असे माझे मत आहे, परंतु तिथे शेवाळ असते आणि खिळ्यांचे बूट घालूनही उधाणात उतरणे धोक्याचे आहे. लांब दांड्याची रबरी जाळी एकट्या माणसाला अशा जागी खरोखर हाताळता येते का?