मराठी स्पेलचेक डेस्कटॉप ॲप आणि वेब दोन्हीत बसवायचंय, कसं करावं?

नांदेडी_कोडर
राम राम मंडळी. आमच्या इथल्या एका साप्ताहिकासाठी बातम्या जमवायचं सॉफ्टवेअर बनवायलोय. ऑफिसात उपसंपादक बसतात त्यांच्यासाठी विंडोजवर डब्ल्यूपीएफमधलं (मायक्रोसॉफ्टचं विंडोज ॲप बनवायचं साधन) ॲप, आणि किनवट, हदगाव, देगलूरचे वार्ताहर मोबाईलवरून बातमी टाकतात त्यांच्यासाठी वेबचा फॉर्म. आता संपादक म्हणायलेत चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ आलीच पाहिजे. डब्ल्यूपीएफच्या टेक्स्टबॉक्सला स्पेलचेक चालू केलं तर इंग्रजीला रेघ येते, मराठीला काहीच नाही. वेबवर फॉर्मला स्पेलचेक ट्रू हे ॲट्रिब्यूट (एचटीएमएलमधली सेटिंग) दिलं तर एका कॉम्प्युटरवर चालायलंय, बाकीच्यांवर ढिम्म. मग मराठीची डिक्शनरी घेऊन हनस्पेल (फुकटचं स्पेलचेकर इंजिन) जोडलं तर निम्मं पान लाल, 'शेतकरी' बरोबर आणि 'शेतकऱ्यांनीसुद्धा' चूक. काय करावं लागंल? पैसे देऊन सर्व्हिस घेणं परवडणारं नाही.

गोदाकाठ_परभणी
वेबचं आधी सांगतो. ते ॲट्रिब्यूट म्हणजे ब्राउझरला नुसती विनंती आहे, तपासायचं काम तो स्वतःकडच्या डिक्शनरीनं करतो. ज्याच्या फायरफॉक्समध्ये मराठीची डिक्शनरी ॲड-ऑन म्हणून टाकलेली आहे त्याला रेघ दिसंल, दुसऱ्याला नाही, आणि मोबाईलवर तर कीबोर्डवर अवलंबून. फॉर्मला लँग ॲट्रिब्यूटमध्ये मराठीचा कोड जरूर दे, फायरफॉक्स तो बघून डिक्शनरी निवडतो. पण कोणता शब्द चुकला हे ब्राउझर तुझ्या जावास्क्रिप्टला कधीच सांगत नाही, त्यामुळं 'इतक्या चुका आहेत, बघून पाठवा' असं काही करायचं असंल तर तपासणी स्वतःचीच पाहिजे. अजून एक, क्रोममध्ये एन्हान्स्ड स्पेलचेक चालू असंल तर टाईप केलेलं गूगलच्या सर्व्हरवर जातं, न छापलेली बातमी आहे म्हणून संपादकांच्या कानावर घालून ठेव.
डब्ल्यूपीएफचं पण तसंच, नवीन डॉटनेटमध्ये (डब्ल्यूपीएफ ज्यावर चालतं तो मायक्रोसॉफ्टचा प्लॅटफॉर्म) ते विंडोजच्या स्वतःच्या स्पेलचेकरवर टेकलेलं आहे. विंडोज ८ पासून त्याची एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमनं वापरायची सोय) आहे, भाषेचा कोड देऊन ही भाषा चालते का असं विचारता येतं. नाही म्हणाली तर हनस्पेलशिवाय इलाज नाही.

लातूरचा_देवा
हनस्पेल सोडू नको, लिबरऑफिस आणि फायरफॉक्स त्याच्यावरच चालतात आणि फुकट आहे. मूळ हंगेरियन भाषेसाठी लिहिलेलं आहे आणि तिथंपण शब्दाला प्रत्ययावर प्रत्यय लागतात, त्यामुळं आपल्यासारख्या भाषेची सोय त्यात मुळातून आहे.
निम्मं पान लाल होतं त्याची दोन कारणं. पहिलं म्हणजे मजकूर साफ नसतो. 'शेतकऱ्या' मधला ऱ एक तर सरळ एकच अक्षर म्हणून येतो, नाहीतर साधा र, मग हलन्त आणि मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर असा येतो. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण डिक्शनरीत त्यातला एकच असतो. 'ॲ' चं तेच, कुणी एक अक्षर टाकतं तर कुणी अ वर चंद्र देतं, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळं लिहिलेलं असंल तर एका रूपात आणणं) हे दोन्ही जुळवत नाही, ते आपणच बदलून घ्यायचं. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधून पेस्ट केलेलं असंल तर आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट कर, तो मजकूर कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतोच.
शब्द तोडतानापण बघ. जावास्क्रिप्टच्या रेगेक्समधला (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) साधा डब्ल्यू इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच ओळखतो. युनिकोडचा लेटर हा वर्ग एकटा घेतला तर काना-वेलांट्या गळतात आणि 'पाणी' चं 'प' आणि 'ण' होतं, मार्क हा वर्ग आणि तो जॉइनर पण सोबत घ्यावा लागतो.
दुसरं कारण सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं बदलणारं रूप. हनस्पेलच्या दोन फाईली असतात, डिक फाईलमध्ये मूळ शब्द आणि अफ फाईलमध्ये प्रत्ययाचे नियम. 'शेतकरी' ला नियम लावायचा तो असा, शेवटचा 'री' काढ आणि 'ऱ्याला', 'ऱ्यांनी', 'ऱ्यांच्या' लाव. 'ऊस' चं 'उसाला', 'फूल' चं 'फुलाला', म्हणजे पहिलं अक्षरपण बदलतंय, त्यांचे गट वेगळे करावे लागतात. आणि एकावर एक असे दोनच थर तो सोलतो. 'घरासमोरच्यांनासुद्धा' सारख्याला दोन पुरत नाहीत, तिथं 'समोरच्यांना' असा जोड आधीच एकत्र करून एकच प्रत्यय म्हणून द्यायचा. फाईल मोठी होते, होऊ दे.

प्रूफवाली_संभाजीनगर
मी कोडिंगवाली नाही, प्रुफं तपासते, त्या बाजूनं सांगते. बरोबर शब्दाखाली रेघ आली की माणूस दोन दिवसांत सगळ्याच रेघांकडं बघायचं सोडतो आणि खरी चूक छापून जाते. म्हणून सुरुवातीला कमी पकडलं तरी चालंल पण जे पकडाल ते खात्रीचं पकडा. तुमच्याकडं छापून झालेले जुने अंक असतील त्यातून शब्द काढा, गावांची नावं, आडनावं, आणि आपल्याकडचे मोंढा, गुत्तेदार, खासरापत्रक असले शब्द, ते मुंबई-पुण्यात बनलेल्या यादीत सापडतीलच असं नाही. पण यादीत टाकायच्या आधी कुणीतरी जाणत्यानं वाचलीच पाहिजे, नाहीतर जुन्या चुका कायमच्या बरोबर ठरतील.
कोणतं रूप बरोबर यावर ऑफिसात वाद होणार, तेव्हा मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम आणि १९७२ ची भर हा आधार धरा. 'कवि' का 'कवी' असल्या गोष्टी तिथंच मिटतात.

नांदेडी_कोडर
लई आभार सगळ्यांचे, ताई तुमचा मुद्दा संपादकांना वाचून दाखवतो. देवाभाऊ, सुचवणी पण विचित्र यायलीत, 'पानी' लिहिलं की भलतंच काहीतरी वर येतंय. आणि वेबवर टाईप करताना फॉर्म अडकंल का?

लातूरचा_देवा
अफ फाईलमध्ये रेप नावाचा तक्ता असतो, त्यात आपल्या नेहमीच्या चुका भर. न-ण, ल-ळ, श-ष, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी आणि उकार. मग 'पाणी' वर येतंय बघ.
अडकायचं म्हणशील तर तपासणी वेब वर्करमध्ये (ब्राउझरात पानाच्या मागं वेगळं चालणारा कोड) टाक आणि स्पेस दिल्यावरच शब्द तपास, अर्धवट शब्दाखाली रेघ ओढू नको. साध्या टेक्स्टएरियात मधल्याच एका शब्दाला रेघ देता येत नाही, त्यासाठी कंटेंट-एडिटेबल (पानाच्या एखाद्या भागातच टाईप करता येणं) लागतं आणि मोबाईलवर मराठी कीबोर्डसोबत ते फार त्रास देतं. वार्ताहरांसाठी मी तर रेघेच्या नादी लागणार नाही, पाठवायच्या आधी 'तपासा' बटण, सर्व्हरवर तेच हनस्पेल, आणि खाली चुकलेल्या शब्दांची यादी. म्हणजे डेस्कटॉप आणि वेब दोन्हीला डिक्शनरी एकच राहते, उपसंपादकानं 'शब्द जोडा' केलं की किनवटवाल्यालापण तो लगेच मिळतो. अफ फाईल कुठं अडली तर इथंच टाक, मी बघतो.