दारूचं परमिट हा खरंच हसण्यासारखा कायदा आहे का?

वर्धेकर:
दुबईच्या चुलतभावाने फॅमिली ग्रुपवर भारतातल्या विचित्र कायद्यांची लिस्ट टाकली. पतंग म्हणजे विमान, जमिनीत दहा रुपयांवरचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवा, आणि महाराष्ट्रात दारू प्यायला परमिट लागतं. सगळे हसले. पतंगाचं सोडा, ती 1934 च्या विमान कायद्यातली व्याख्या होती आणि तो कायदाही आता बदललाय. पण परमिटवर हसलेलं मला लागलं.

आपला कायदा 1949 चा, तेव्हाचं नाव मुंबई दारूबंदी कायदा. म्हणजे मूळ नियम बंदीचा आणि परमिट ही त्यातली सूट. तेव्हा गुजरात आपल्याच राज्यात होता, 1960 ला वेगळे झालो तरी कायदा दोघांकडे तोच राहिला, त्यांनी बंदी ठेवली आणि आपण परमिट देत गेलो. घटनेच्या 47 व्या कलमातही दारूबंदीसाठी प्रयत्न करा असं लिहिलंय. मी लहान असताना शनिवारी बाजाराच्या दिवशी बाबांचा चुकारा व्हायचा आणि आई अंधार पडेपर्यंत फाट्यावर उभी राहायची, पैसे घरी येतात का बघायला. आमच्या वर्धा जिल्ह्यात तर पूर्ण बंदी, तरी ही गत, नसती तर काय झालं असतं याचा विचारच करवत नाही. ज्यांनी हे बघितलं नाही त्यांनाच हा कायदा विचित्र वाटतो.

कोथरूडकर:
दादा तुमच्या आईबद्दल पूर्ण आदर आहे, पण परमिटने त्यातलं काय थांबलं ते सांगा ना. विदेशी दारूचं एका दिवसाचं परमिट पाच रुपये, वर्षाचं शंभर, आजीवन हजार. बऱ्याच दुकानात तर परमिटचं पॅड पडलेलं असतं, दुकानदार नावसुद्धा विचारत नाही, पावती फाडतो नाहीतर तीही नाही. मी 24 वर्षांचा आहे, 18 ला मत दिलं, 21 नंतर बियर चालते, पण व्हिस्कीला 25 पूर्ण पाहिजेत. मागच्या डिसेंबरात एका नाक्यावर आमची गाडी थांबवली, डिकीत सीलबंद बाटली होती, परमिट नव्हतं, पाऊण तास उभं केलं आणि शेवटी काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. सगळेच जो कायदा मोडतात त्यात पकडायचं कोणाला हे वर्दीवालाच ठरवतो, मला राग त्याचा आहे. घरात बसून दोन पेग घेणाऱ्याला गुन्हेगार कशाला करता?

चंद्रपूरची पोर:
मी दोन्ही बघितलंय. आमच्याकडे 2015 ला बंदी आली, 2021 ला उठली. आली तेव्हा पहिल्या महिन्यात गल्लीत खरंच शांतता होती, ते मी विसरणार नाही. पण नंतर बाटली दुप्पट-तिप्पट भावाने मिळायला लागली आणि आमच्या वस्तीतली नववी-दहावीची पोरं शाळा सोडून दप्तरात दारू पोचवायला लागली. पिणारा तोच राहिला, घरातून जास्त पैसे जायला लागले. त्यामुळे वर्धेकर, बंदी म्हणजे बायकांची सुटका असं सरसकट नका म्हणू.

नगरची माहेरवाशीण:
परमिटवर भांडताय सगळे, आणि आपल्या राज्यातला जो नियम खरा बायकांच्या हातातला आहे त्याचं नावच कोणी घेत नाही. आडवी बाटली! गावातल्या 25 टक्के बायकांनी सह्या केल्या की मतदान लागतं. कागदावर दोन बाटल्यांची चित्रं, उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. माझ्या मामीच्या गावात झालं होतं, मामीला लिहितावाचता येत नाही, पण आडव्या बाटलीच्या चित्रावर बोट ठेवून तिने पक्कं केलं आणि मगच शिक्का मारला. घरी आल्यावर दोन दिवस शाईचं बोट सगळ्यांना दाखवत होती.

तरी दुकान बंद नाही झालं. कारण नुसतं झालेल्या मतदानात पुढे असून चालत नाही, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पाहिजेत. आणि मतदान लागलं जानेवारीत, निम्म्या बायका कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या, कारखान्याच्या फडात. म्हणजे जी बाई आलीच नाही तिचं मत उभ्या बाटलीला धरलं गेलं. आमदाराच्या निवडणुकीत असं मोजतात का हो?

कोथरूडकर:
हे मला माहीतच नव्हतं. याला माझा पूर्ण पाठिंबा. गावाने मत देऊन दुकान बंद करणं वेगळं आणि माझ्या डिकीत हात घालणं वेगळं.

वर्धेकर:
चंद्रपूरच्या ताई, दप्तराचं वाचून गप्प झालो. आमच्याकडेही तसं होतंच, मी कबूल करतो. परमिटचा मुद्दाही सोडतो, पाच रुपयाच्या पावतीने माझ्या आईचं काही वाचलं नव्हतं. पण दुकान बंद करायचा हक्क सोडणार नाही. ताई, तुमच्या मामीच्या गावात परत सह्या गोळा करताय का? या वेळी ऊसतोड संपल्यावर, गुढीपाडव्यानंतरची तारीख मागा.

नगरची माहेरवाशीण:
तेच चाललंय. मामीनेच वही केलीये, अंगठे घेत घरोघर फिरतेय.