फणसाचा इमोजी: युनिकोडकडे प्रस्ताव कसा पाठवायचा?

बरका_कापा
आंब्याचा इमोजी आहे, नारळाचा आहे, फणसाचा नाही. युनिकोडकडे (इमोजी मंजूर करणारी संस्था) प्रस्ताव पाठवताना ऑनलाइन सह्या गोळा केल्या तर उपयोग होईल का? चित्र कसं लागतं?

खिळाक्षर
सह्यांना शून्य किंमत. सह्यांची मोहीम, हॅशटॅग वगैरे पुरावा म्हणून धरत नाहीत. आकडे लागतात ते गूगल सर्चचे, गूगल ट्रेंड्सचे (वेब आणि चित्रं वेगवेगळे) आणि गूगल बुक्सच्या एनग्रामचे (पुस्तकांत शब्द किती वेळा येतो ते दाखवणारं साधन). ट्रेंड्स आणि एनग्राममध्ये 'जॅकफ्रूट'ची तुलना 'एलिफंट'शी करून स्क्रीनशॉट जोडा. हो, हत्तीशीच, मोजपट्टी त्यांनीच ठरवलीय. सर्च इन्कॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खासगी खिडकीत) करा, नाहीतर तुमच्या जुन्या शोधांमुळे निकाल बदलतात.

आणि 'आंबा आहे, मग फणस का नाही' हे अर्जात अजिबात लिहू नका. आधीचा इमोजी हे समर्थन धरत नाहीत.

पिक्सेलपाटी
रंगीत चित्र दोन मापांत: १८×१८ आणि ७२×७२ पिक्सेल. १८ मध्ये अख्खा फणस म्हणजे हिरवा बटाटा, काटे दिसतच नाहीत. काटे मोठे केले की ड्युरियन (फणसासारखंच दिसणारं काटेरी फळ) वाटतो. उभा चिरून पिवळे गरे दाखवा. चित्र स्वतः काढलेलं किंवा मुक्त परवान्याचं हवं. मंजूर झालंच तरी ॲपल, गूगल आपापलं चित्र काढतात.

खिळाक्षर
खरी मेख वेगळीच आहे. फणस घेतला तर ड्युरियन, नीरफणस का नको, हा प्रश्न येणारच. म्हणून फणसाचं वेगळेपण मांडा: मांसाला शाकाहारी पर्याय, बांगलादेशाचं राष्ट्रीय फळ, केरळचं राज्यफळ. 'वरून काटेरी, आतून गोड' हा अर्थ कोकणाबाहेरही चालतो हे दाखवता आलं तर उत्तम. एकाहून जास्त अर्थ असणं ही जमेची बाजू.

बरका_कापा
कापा आणि बरका, फणसाच्या या दोन प्रकारांचे दोन इमोजी मागितले तर? :)

खिळाक्षर
'अतिविशिष्ट' म्हणून बाद. नियमावलीत सुशीचंच उदाहरण आहे: सगळ्या प्रकारांना मिळून एकच सुशी.

अर्जाची खिडकी साधारण एप्रिल ते जुलैअखेर उघडी असते. नवी आवृत्ती बहुधा सप्टेंबरात येते, पण तुमचा इमोजी आलाच तर अर्जाच्या पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात. फोनवर त्यानंतर काही महिन्यांनी.

पिक्सेलपाटी
इमोजीला स्वतःचा नवा कोड (युनिकोडमधला क्रमांक) मिळेलच असंही नाही, जुने इमोजी जोडूनही नवा बनवतात. युनिकोडच्या २०२३ च्या १५.१ आवृत्तीतलं हिरवं लिंबू म्हणजे पिवळं लिंबू, अदृश्य जोडखूण आणि हिरवा चौकोन. जुन्या फोनवर आजही लिंबू आणि शेजारी चौकोन असंच दिसतं.